उपाशी कोळसा

"ताप आहे. छान."

ड्रमाच्या पोटाला उलटा हात लावायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि मग समाधानानं हे म्हणायचं. आता तुम्हीच बघा, सगळी नोकरी दवाखान्यात लोकांचे ताप उतरवण्यात गेलेली बाई, आणि निवृत्त झाल्यावर ताप चढला की खूश. ड्रम कचऱ्याचे होते, आणि कचरा नीट कुजायला लागला की आतून तापतोच. डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बोळात ठेवलेले, भोकं पाडलेले निळे ड्रम, आणि त्यांच्यासमोर ही बाई कमरेवर हात ठेवून उभी, जणू वॉर्डात राउंडला आलीय.

आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो. नाव होतं की दाराच्या पाटीवर, पण पाट्या पोस्टमन वाचतात, शेजारी नाही. समोर 'अहो सिस्टर', मागे 'आपली सिस्टर'. मीही इथे तसंच लिहिणार आहे, तेव्हा मानाचं गणित चुकलं तर सांभाळून घ्या.

तळमजल्यावर माझं पोळी-भाजी केंद्र आहे. आता सून बघते, मी खुर्ची टाकून बसते आणि बोलते. तेव्हा मीच बघायचे. पोळी-भाजी केंद्र म्हटलं की लोकांना पोळ्या दिसतात. मला दिसायच्या साली. दुधीच्या, बटाट्याच्या, कोबीची पानं, मटाराची टरफलं, नारळाच्या करवंट्या. एका सकाळी सिस्टर बादली घेऊन केंद्राच्या मागच्या दारात हजर. मला वाटलं भाजी घ्यायला आल्या. तर म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या साली मला द्या. करवंट्यापण. कुणाला देऊ नका, मला शब्द द्या." हुंड्यासारखं मागितलं हो. मी हसत हो म्हटलं.

जेवलात का, हे त्यांचं दुसरं वाक्य. आपणही विचारतो तसं, पण आपण विचारतो ते विचारायचं म्हणून. सिस्टरना उत्तर लागायचं. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा, आणि ह्या विचारतायत जेवलास का, कधी, काय. तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात, आम्ही त्यांना बँकवालेच म्हणतो. ते रक्तदाब तपासून घ्यायला सिस्टरकडे यायचे. आधी दोन घास खाल्ल्याशिवाय त्या गोळीच घेऊ द्यायच्या नाहीत. "उपाशीपोटी गोळी नाही," म्हणायच्या. "पोटात काही नसलं की औषधच पोट खातं." बँकवाले कुरकुरत घरनं बशीत पोहे घेऊन यायचे आणि त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे संपवायचे.

बोळातल्या ड्रमांनाही त्यांनी वॉर्डाची नावं दिलेली. ताज्या साली पडायच्या तो कॅज्युअल्टी. मधला जनरल. आणि ज्यातलं खत काळंभोर, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या जंगलासारखा वास येणारं व्हायचं, तो डिस्चार्ज. ताकाचं पाणी द्यायचं तर बिनसुईच्या मोठ्या सिरिंजनं द्यायच्या, थेंबथेंब, कोपऱ्याकोपऱ्यात. मी म्हटलं, "अहो, तांब्यानं ओता की." तर म्हणाल्या, "तांब्यानं दिलेलं अंगी लागत नाही."

हे सगळं निवृत्त बाईचा छंद म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. पण छंदासाठी कोणी करवंट्यांचा इतका हव्यास धरत नाही. एका दुपारी डबे गेले, पोळ्या लाटणाऱ्या बायका पाठ टेकायला गेल्या, तेव्हा त्या पिठाच्या डब्यावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं.

त्यांचं माहेर माणदेशात. साताऱ्याच्या पूर्वेकडचा तो कोरडा मुलूख. तिथे पाऊस येतो ते पाहुण्यासारखा, चहाही न घेता जातो. माहेरच्या शेताला लागून एक माळ होता, त्यांच्या आईच्या वाटणीचा. मुरमाड, पाय ठेवला की करकरणारा. त्यावर आईनं मटकी आणि हुलगा पेरून, जे मिळेल ते वेचून, पोरीला नर्सिंगला धाडलं. आता माळ धाकट्या भावाच्या हातात. भाऊ वाईट नव्हता. दमला होता. मुलं पुण्याला, माळावर पेरलेलं बियाणंही परत येत नाही, आणि रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उचलणारा कंत्राटदार दारात येऊन बसलेला.

"मुरूम उचलला की खाली नुसता खडक उरतो, वहिनी," सिस्टर म्हणाल्या. "जमीन आजारी असली तर तिचं काही करता येतं. खड्डा झाला तर काय करायचं?"

भावानं त्यांना सांगून टाकलं होतं, दोन पावसाळे थांबतो. माळाचा वरचा एक पट्टा तुझा. त्यावर काय करायचं ते करून दाखव. नाहीतर माळ देऊन टाकणार, आणि मग आक्का, तू डोळ्यांत पाणी आणायचं नाही.

तर गोष्ट एवढीच होती. पट्टा उगवला तर आईचा माळ राहणार, नाही उगवला तर त्यावर जेसीबी चढणार.

आता कोळसा कुठून आला ते ऐका. सिस्टर लहान असताना त्यांच्या माळाच्या कडेला कोळशाची भट्टी लागायची. वेडी बाभूळ तोडायची, रचायची, मातीनं लिंपायची आणि धुमसत ठेवायची. भट्टी कधीच बंद पडली, पण त्या जागेवर कोळशाचा चुरा मातीत मुरला आणि तिथलं गवत पुढे कितीतरी वर्षं बाकी माळापेक्षा हिरवं राहायचं. शेळ्या सगळा माळ सोडून तिथेच घुटमळायच्या. हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग मोबाइलवर कुठेतरी त्यांनी ऐकलं की कमी हवेत जाळलेला कोळसा मातीत घातला की तो पाणी धरून ठेवतो, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, शहाणी माणसं त्याला बायोचार म्हणतात. "म्हणजे आमची भट्टीच की," म्हणाल्या आणि लागल्या कामाला.

पहिला प्रयोग आमच्या गच्चीवर झाला. पत्र्याच्या डब्यात करवंट्या ठासून भरल्या, झाकणाला भोकं पाडली, आणि डब्याच्या भोवती लाकडं पेटवली. धूर असा निघाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत आल्या. बँकवाल्यांचे बनियन दोरीवर वाळत होते, पांढरेशुभ्र, नीळ दिलेले. संध्याकाळी ते काढायला गेले तेव्हा बनियन मांजरासारखे करडे. त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली. सूचनेत सिस्टरचं नाव नव्हतं, फक्त 'काही सभासद गच्चीचा वापर स्मशानासारखा करीत आहेत' असं होतं. सिस्टरनी ती उभ्यानं वाचली आणि बनियन स्वतः धुऊन, इस्त्री करून वर नेऊन दिले. वर विचारलं, जेवलात का.

मग मला आंबिवलीच्या काकी आठवल्या. माझ्याकडे तांदळाचं पीठ त्यांच्याकडनं यायचं. जुन्या आगरी घरातल्या, सगळी शेती आता इमारतींखाली गेलेली. घर तीन मजली, पण मागे अंगण, दोन म्हशी आणि चूल त्यांनी सोडली नव्हती. मी सिस्टरना घेऊन गेले. काकींनी डबा बघितला, करवंट्यांची पोती बघितली आणि मला म्हणाल्या, "या बायांना घरान चूल नाय, म्हनून आंबिवलीला येतान आग लावाला." पण जागा दिली. इतकंच नाही, स्वतः वेताचा मोढा टाकून बघायला बसल्या. त्यांना काय, करमणूक.

तिथे आम्ही शिकलो. आधी पांढरा धूर येतो, ती करवंटीतली ओल. मग भोकांतून निघणारी वाफच पेट घेते आणि धूर कमी होतो. ती ज्वाळा बसली की पाणी मारायचं, नाहीतर हातात राख. विझल्यावर तुकडा दगडावर टाकायचा. कच्चा असेल तर थप्प वाजतो, झाला असेल तर काचेसारखा खण्ण. सिस्टर प्रत्येक वेळी तो आवाज ऐकून मान डोलवायच्या. आम्ही ते ओलं करून पोत्यात घालून बडवायचो, म्हणजे धूळ उडत नाही, ज्वारीएवढे दाणे होतात. परत येताना आमच्या दोघींची तोंडं अशी काळी की कल्याणला रिक्षावाल्यानं आरशात दोनदा बघितलं.

पोती गावाला जायची तीही मजेत. त्यांच्या गावाकडनं एक टेम्पो डाळिंबं घेऊन कल्याणच्या बाजारात यायचा आणि रिकामा परत जायचा. तो थांबवून सिस्टर पोती चढवायच्या. टेम्पोवाला म्हणायचा, लोक शहरातनं टीव्ही नेतात, साड्या नेतात, तुम्ही एकट्याच कोळसा नेता.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी तो सगळा कोळसा पट्ट्यात घातला, वर बाजरी पेरली आणि परत आल्या. जाताना मला म्हणाल्या होत्या, बाजरी कंबरेला लागली की फोटो दाखवते. गावाहून फोटो आला तो वीतभर बाजरीचा, आणि रंग पिवळा. हळद लावल्यासारखी. नुसत्या माळावरची बाजरी बरी म्हणायची वेळ आली. गावात कुणीतरी म्हणालं, आक्का जमीन काळी करायला गेली आणि पीक पिवळं करून आली. भावानं फोनवर फक्त पावसाचं सांगितलं. तेच त्यांना जास्त लागलं.

त्या दिवसांत सिस्टर बोळात यायच्या, ड्रमाला हात न लावता जायच्या. पोस्टमन आला, गॅसवाला आला, कुणाला काही विचारलं नाही. एकदा बँकवाले गोळी हातात धरून उभे राहिले, उपाशीच, विचारतील म्हणून वाट बघत. सिस्टर म्हणाल्या, घ्या. बिचारे घाबरले. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "सिस्टरना बरं नाही का हो? काहीतरी करायला पाहिजे."

काय करणार मी? मला पोळ्या येतात, माती येत नाही. पण झालं असं की काकींनी मला सुकट दिलेली. ती मी केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवली, सुनेला न सांगता. दोन दिवसांत फ्रिज उघडला की मासळीबाजार. शाकाहारी डबे घेणाऱ्यांना कळलं असतं तर केंद्र बंद. सुनेनं कपाळाला हात लावला. मग मीच पोत्यात उरलेला सिस्टरचा कोळसा वाटीत घालून आत ठेवला, माझी आई दुधाच्या कपाटात ठेवायची तसा. दुसऱ्या दिवशी वास गेला.

मी हे सिस्टरना सहज सांगितलं, हसवावं म्हणून. त्या हसल्या नाहीत. उठल्या, फ्रिज उघडला, वाटी बाहेर काढली आणि कोळशाचा वास घेत राहिल्या.

"सगळा वास प्यायला यानं," म्हणाल्या.

"हो मग. पितोच तो."

"उपाशी आहे म्हणून पितो, वहिनी." त्या पिठाच्या डब्यावर बसल्या. "मी माळाला उपाशी कोळसा दिला. त्या जमिनीत मुळात होतं काय? जे कणभर होतं ते ह्यानंच खाल्लं. बाजरीला काय उरणार?" मग वाटीकडे बघत म्हणाल्या, "आणि मी कोण? उपाशीपोटी गोळी नको म्हणून लोकांवर ओरडणारी."

तिथूनच त्यांनी भावाला फोन लावला. माझ्यासमोर, स्पीकरवर, कारण त्यांचे हात काळे झालेले. विचारलं, आपली जुनी कोळशाची भट्टी होती ना, ती बंद झाल्यावर त्या जागी काय होतं रे? पलीकडून भाऊ म्हणाला, "बैलं बांधायचो की तिथं. तू शिकाया गेल्याली तवा. कोरडी जागा म्हनून बा तिथंच दावण लावायचा. का?"

सिस्टरनी काळ्याच हातानं कपाळ बडवलं. गवत हिरवं दिसलं ते त्यांनी बघितलं होतं. त्याआधी वर्षानुवर्षं तिथल्या कोळशात शेण-मूत मुरलं, ते त्यांच्या पाठीमागे झालेलं. सुट्टीला येणारी मुलगी गवत बघते, दावण कुठे होती ते थोडंच विचारते? त्यांनी भावाला काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "जेवलास का?" आणि मी ओळखलं, बाई बरी झाली.

पुढचे महिने काय सांगू तुम्हाला. आमच्या बोळात पंगती उठत होत्या. कोळशाचा प्रत्येक दाणा आधी शेणाच्या पाण्यात भिजायचा, मग जनरल ड्रममध्ये सालींच्या खताबरोबर थरावर थर. वर ताक, गुळाचं पाणी, डाळी धुतलेलं पाणी. शेण काकींच्या म्हशींचं. काकी म्हणायच्या, "सगल्यांना इचारतंस जेवलास का, माजे म्हशीला नाय इचारत. तिचाच खातंस न." पुढच्या खेपेला सिस्टर म्हशीसाठी पेंड घेऊन गेल्या आणि खरंच तिला विचारलं. काकी इतक्या हसल्या की मोढा हलला.

बिल्डिंगमधल्या बायकांनाही चव लागली. सकाळी सिस्टरच्या दाराच्या कडीला पिशव्या लटकायला लागल्या. कुणाच्या साली, कुणाची चहापत्ती, पूजेची फुलं. सिस्टर पिशवी उघडून माणूस ओळखायच्या. "दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी आजारी आहे," म्हणायच्या, "तीन दिवस नुसत्या मोसंबीच्या साली येतायत." आणि वर जाऊन बघायच्या, तर असायचंच कुणीतरी अंथरुणाला. बँकवाल्यांची पिशवी मात्र यायची नाही. बनियन ते विसरले नव्हते.

दुसऱ्या पावसाळ्याआधी टेम्पो तीनदा भरून गेला. ह्या वेळी सिस्टरही मागोमाग गेल्या आणि तिथेच राहिल्या. पट्ट्यात खत मिसळलं, बाजरी आणि तूर एकाआड एक पेरली, वर जुना कडबा पसरला. रोज फोन यायचा. फोनवर त्या आधी माझी चौकशी करायच्या, मग पट्ट्याची तब्येत सांगायच्या. मधे पावसानं ओढ दिली. त्या भागात तो देतोच. आठवडे गेले, आभाळ कोरडं. रोजचा फोन लहान होत गेला. बाकीच्या माळावर भावानं पेरलेली बाजरी मान टाकायला लागली. पट्ट्यातलीही दुपारी पानं मिटायची. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "कडबा बाजूला करून हात घातला. आत ओल आहे, वहिनी. आजारी माणसाला घाम येतो ना, ताप उतरायच्या आधी, तशी."

पाऊस आला तेव्हा उशीर झालेला. बाकी माळ गेला. पट्टा राहिला. खोटं कशाला सांगू, पेपरात फोटो यावा असं काही पीक नव्हतं. पण कणसं भरली होती.

काढणीला मला त्यांनी बोलावून घेतलं. मी गेलेले त्याच टेम्पोतून, पुढे बसून, डाळिंबांचे रिकामे क्रेट मागे खडखडत. भाऊ उंच, गप्प, डोक्याला टॉवेल. मला वाकून नमस्कार केला आणि कामाला गेला. जेवताना माळाचा विषय नाही, काढणी झाली तरी नाही. दोन पावसाळे संपलेले. कंत्राटदाराचा माणूस गावात येऊन गेल्याचं वहिनीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, मला चुलीपाशी सांगितलं. काय बोलणं झालं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मी सिस्टरना म्हटलं, "विचारा की सरळ."

"मी नाही विचारत. एका पट्ट्यासाठी अख्खा माळ ठेव, असं कुठल्या तोंडानं म्हणू? त्याची मेहनत गेलीय उरलेल्या माळावर."

सकाळी आम्ही दोघी माळावर निघालो. पट्ट्याची माती माझ्या हाताला लावून दाखवायची होती त्यांना. तूर अजून उभी होती, फुलावर आलेली. चढावर आलो आणि सिस्टर थांबल्या. पट्ट्याच्या खालचा सगळा उतार, जिथे बाजरी जळून गेलेली, तिथे मेंढरंच मेंढरं. बसलेली, रवंथ करणारी, काळी-पांढरी. भोवती जाळं ठोकलेलं, एक कुत्रा, आणि घोंगडी पांघरून बसलेला धनगर. रात्रभर मेंढरं रानात बसवली की त्यांच्या लेंड्यांनी रान खतवतं. धनगर कोकणात उतरायच्या आधी त्या भागात ही मेंढरं बसवायला लोक त्याच्या मागे लागतात, त्याला धान्य देतात.

भाऊ तिथेच बांधावर उकिडवा बसला होता.

"ही मेंढरं कुणी बसवली?" सिस्टरनी विचारलं.

"म्या."

"हितं? माळावर?"

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "तूच म्हनतीस ना आक्का, कोळसा उपाशी घालायचा नसतो. म्हटलं आधी पंगत बसवू. वेडी बाभूळ हितं ढिगानं पडलीया, कोळसा मागनं करू. डोंबिवलीचा कचरा किती दिस वाहायचा?"

ज्या जमिनीवरून मुरूम उचलायचा, तिच्यावर कुणी मेंढरं बसवत नाही. शहरात राहणाऱ्या मलाही एवढं कळलं. सिस्टरना तर पहिल्या शब्दालाच कळलेलं असणार. त्या वाकल्या, पट्ट्यातला कडबा बाजूला केला, जमिनीला उलटा हात लावला. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. गार होती माती. वर ऊन चढलेलं, आणि आत मडक्याच्या तळासारखी गार.

आणि खालीच बघत त्या भावाला म्हणाल्या, "जेवलास का?"

"न्हाय. तुमच्यासाठी थांबलोय."

त्यानंतर सिस्टर डोंबिवलीला आल्या त्या सामान बांधायला. मला त्यांचा राग आला थोडा, खरं सांगते. म्हटलं, पट्ट्याचं सगळं जेवण आम्ही घातलं, आणि पीक उगवल्यावर तुम्ही तिकडे. तर म्हणाल्या, "पेशंट बरा व्हायला लागला की नर्सनं जास्त लक्ष द्यायचं असतं. आता आपण पूर्ण बरे झालो असं पेशंटला वाटायला लागतं ना." ड्रम मला दिले. सिरिंजही दिली. काकींना भेटायला आंबिवलीला गेल्या, म्हशीला शेवटची पेंड घातली. आता टेम्पो कल्याणहून जाताना माझ्या दारात थांबतो, मटकीची पुरचुंडी देतो आणि निरोप सांगतो. निरोप काय असणार, तुम्हाला माहीतच आहे. मी त्याला जेवूनच पाठवते, म्हणजे त्याला तिथे खरं उत्तर देता येतं.

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्यानं राहतं, दोघं ठाण्याला कुठेतरी नोकरी करतात. परवा ती मुलगी माझ्याकडे आली. बिचकत म्हणाली, "आजी, आमच्या दाराला रोज कुणीतरी कचऱ्याची पिशवी अडकवून जातं. आमचं काही चुकलं का?"

मी म्हटलं, नाही गं, तुझं काही चुकलं नाही, सगळ्यांना सांगितलंय की पिशव्या आता माझ्याकडे आणा म्हणून. कोण विसरतंय बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात उभी राहिले. वरून चपलांचा आवाज आला आणि बँकवाले उतरले. हातात पिशवी. त्यांनी ती कडीला अडकवली, नीट, गाठ पुढे येईल अशी. मला बघून जरा ओशाळले.

मी म्हटलं, "अहो, सिस्टर नाहीत आता इथे."

"ठाऊक आहे," म्हणाले. पिशवीत करवंट्या होत्या, पुसून, एकात एक बसवलेल्या. "पण समजा एखाद दिवशी आल्याच, तर दार रिकामं दिसायला नको."